शेवटचा पॉइंट

टेनिसमधलं मला इतकंच कळायचं: पंधरा, तीस, चाळीस, आणि चाळीसनंतर पन्नास नसतं. असं का, म्हणून विचारलं की माझा नवरा दोब्रिन म्हणायचा, "तू आपली बानित्सा भाज." मी चीज भरून, पापुद्रे लावून भाजायचे. आमची रालित्सा लहानपणापासून त्याच्याच हाताखाली खेळली. जिंकून आली तरी हा तिला चुकाच सांगायचा. त्याच्या एका शाबासकीसाठी पोरगी जीव टाकायची.

हास्कोवोच्या स्पर्धेत समोर एक रुमानियन मुलगी होती. पहिला सेट रालित्सा सहा-दोन हरली. दुसऱ्यात चार-एक मागे असताना लाल मातीवर पाय सरकला आणि उजवा गुडघा फिरला. तिची किंकाळी जाळीबाहेर आम्हाला ऐकू आली. डॉक्टरीण धावत आली, गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाली, बस कर आता. रालित्सा पंचांना तसं सांगणारच होती, पण आधी तिने बापाकडे पाहिलं.

दोब्रिन उभा राहून टाळ्या वाजवत होता. जन्मात पहिल्यांदा.

"ऊठ पोरी," तो म्हणाला. "दोनच गेम उरलेत. आपल्या घरातलं कुणी मैदान सोडत नाही."

पोरगी उठली. लंगडत, रडत खेळली आणि हरली, पण शेवटचा पॉइंट खेळूनच बाहेर आली. गुडघ्यात आत सगळं तुटलं होतं. चालेल, पण पळणार नाही, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाव आणायला गेले, तर बसस्थानकाजवळ पैजा घेणारा कांचो आपल्या दुकानाच्या दारात सिगारेट ओढत उभा होता. घरात सगळं ठाऊक असेल, असं त्याला वाटलं.

"वहिनी, काळीज लागतं हं तुमच्या नवऱ्यासारखं," तो म्हणाला. "पोरगी पडली तेव्हा मला वाटलं, पैज रद्द."

कसली पैज, मी विचारलं. तो चपापला, पण तोंडातून निघून गेलं होतं. मग बाकीचंही त्याने सांगितलं. दोब्रिनने पैज लावली होती ती रालित्सा हरणार म्हणून. सामना अर्धवट सुटला तर लावलेले पैसे नुसते परत मिळतात. पैज जिंकायची असेल तर शेवटचा पॉइंट खेळला गेला पाहिजे. गुडघा आधीपासून दुखत होता, हे दोब्रिनला ठाऊक होतं. आदल्या रात्री राकियाची दारू चोळून त्यानेच तर शेकला होता, आणि बापाची माया म्हणून मी बघत बसले होते. कुंपणानेच शेत खाल्लं.

पाव न घेताच मी इस्पितळात गेले. दोब्रिन लेकीसाठी पीच सोलत होता. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"बाबांवर चिडू नकोस गं," ती मला म्हणाली. "हरले, पण सोडून नाही आले. बाबांनी टाळ्या वाजवल्या, पाहिल्यास ना?"

गप्प बसावं असं वाटलं मला. पण तो मेला खाली मान घालून ते कौतुक ऐकून घेत होता, आणि माझं डोकं फिरलं.

"त्यांची पैज तू हरण्यावर होती," मी म्हणाले. "तू सोडलं असतंस तर ती रद्द झाली असती."

रालित्सा त्याच्याकडे बघत राहिली. तो नाही म्हणेल म्हणून तिने बराच वेळ वाट पाहिली. तो पीच सोलत राहिला.

मग तिने तोंड माझ्याकडे वळवलं.

"कशाला सांगितलंस, आई?" ती म्हणाली. "टाळ्या तरी राहिल्या असत्या माझ्याजवळ."