शेवटी जेवणारीची ताटली

“पोर चिमणीएवढं खाते हो. वळणाची मिळाली!”

लीलाबाई मागच्या दारात शेजारणीला सांगत होत्या. त्यांची सून रेवा तेव्हा आत मोरीशी बसून मला घासत होती. तिचा हात थांबला. कौतुक ऐकून कुणाचा हात थांबतो का? मी गोंधळले.

मी रेवाची स्टीलची ताटली. भाईंदरच्या कारखान्यात घडले. तिच्या मामांनी माझ्या काठावर तिचं नाव घालून घेतलं आणि रुखवतातून आम्ही दोघी वटार गावातल्या या घरी आलो. दोघी नव्या, दोघी गप्प.

इथे आधी पुरुष जेवतात, मग सासूबाई, मग सून. त्यामुळे रेवाचं जेवण पाहणारी मी एकटीच. अर्धी भाकरी घ्यायची, कुस्करायची आणि केळीच्या बुंध्याशी टाकून यायची. मग एखाद्या दुपारी घरात कुणी नसलं, की उभ्या उभ्या लाडवांचा डबा संपवायची आणि न्हाणीत जाऊन नळ जोरात सोडायची; नळाआडून ओकारीचा आवाज यायचा. हिला भूक आहे की नाही? की मीच हिला आवडत नाही? ताटलीने विचारावं तरी कुणाला!

आमच्या घरच्या हळदीकुंकवाला महिला मंडळाने पापडी गावच्या रोवेनाला बोलावलं होतं. ती एका संस्थेत काम करते. जेवणाशी वैर धरायला लावणारा आजार असतो, असं ती सांगू लागली आणि बायका खो खो हसल्या.

“आमच्याकडे नाय गो असले आजार. दोन घास पोटात गेले की माणूस बरा!” एक मावशी म्हणाल्या.

“मावशी, मीपण असंच म्हणायचे,” रोवेना म्हणाली, “माझी बहीण आजारी पडेपर्यंत. तेव्हा उपचाराला मुंबई गाठावी लागायची. रोज कोण नेणार? म्हणून आता दर शनिवारी पापडीला डॉक्टर येतात. फुकट. मधल्या दिवसांत फोनवर बोलतात.”

रेवा मान खाली घालून चण्यांची ताटं उचलत राहिली. शनिवारी मात्र ब्लाउज शिवायला टाकायच्या निमित्ताने पापडीला निघाली. पुढच्या शनिवारी पिशवीत मी होते. रोजचं ताट आणा, असं तिथे सांगितलं होतं.

तिथली रीत उलटीच. रोवेना समोर बसून स्वतःही जेवली, आणि गप्पा कसल्या, तर मोगऱ्याच्या भावाच्या! रेवाला तासभर लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण भात संपला. नंतरही रोवेनाने तिला एकटं सोडलं नाही.

“शनिवारी मी बसेन,” रोवेना म्हणाली. “बाकीच्या दिवसांचं काय? घरचं कुणी समोर बसलं नाही, तर हे टिकायचं नाही, बाय.”

रविवारी दुपारी सासरे हरिभाऊ आणि नवरा देवेंद्र जेवायला बसले. रेवाने मला त्यांच्या शेजारी मांडलं. मी इतकी बावरले, की फरशीवर वाजलेच.

“अगो, तुझं ताट आत्ताच कुठे?” लीलाबाई म्हणाल्या. “त्यांचं होऊ दे की.”

मी काय सांगणार? माझ्या काठावर हिचं नाव आहे, पण तोंड मला नाही. एवढंच म्हणेन, घासून ठेवलेल्या ताटलीवर विश्वास ठेवू नका. ती रिकामी होताना तिच्याजवळ बसा.

रेवाने पदर खोचला आणि खाली बसली.

“आई, मी वळणाची नाही हो, मी आजारी आहे. तुमचंही ताट घ्या. माझ्यासमोर बसा.”