टाचेवरची टिकली

मी रुपरावांच्या न्हाणीतली वज्री बोलतेय. भाजल्या मातीची, अंगभर खरखरीत. माझं काम टाचा घासायचं. नरखेड तालुक्यातले रुपराव संत्र्याच्या बागेत अनवाणी फिरायचे, त्यामुळे मला सुट्टी नव्हती.

अठ्ठ्याहत्तर साली त्यांच्या डाव्या टाचेच्या कडेला तुरीच्या डाळीएवढा काळा डाग आला. पंपाचं तेल लागलं असेल, असं त्यांनीच ठरवलं. मग रोज सकाळी माझी आणि डागाची कुस्ती. सहा महिन्यांत मी अर्धी झिजले, डाग मात्र वाढला. दुखत नाही, म्हणून रुपराव निवांत. लाज मला वाटायची.

त्यांच्या बायकोला, प्रयागबाईला, हे पटत नव्हतं. दुपारी नवरा घोरू लागला की ती कपाळाची टिकली त्या डागावर चिकटवून बघायची. दिवाळीच्या सुमारास एकदा टिकली काढायची राहिली आणि रुपराव तसेच पारावर जाऊन बसले.

शेजारच्या नत्थूजींनी विचारलं, “काहून गा रुपराव, टाचेले टिकली लावून राहिला काय?”

सगळा पार हसला. रुपराव तणतणत घरी आले. प्रयागबाई शांतपणे म्हणाली, “चैतात हा डाग टिकलीखाली झाकून जात होता. आता बाहेर आला. तेल वाढते काय?”

रुपरावांनी टाच उचलून डाग पुन्हा नीट पाहिला.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं नागपूरला, सदर भागातल्या डॉक्टर अरुंधतीबाईंकडे गेले. पुरावा म्हणून पिशवीत मीही. बाईंनी भिंगातून डाग पाहिला, मला पाहिलं आणि घासणं आधी बंद करायला सांगितलं. हा मेलानोमा, म्हणजे कातडीचा कर्करोग असू शकतो, म्हणाल्या. त्याचे प्रकार असतात: कुणाचा शाईसारखा पसरतो, कुणाचा गाठ होऊन भराभर वाढतो, कुणाचा उन्हानं रापलेल्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षं सरकतो. आपल्याकडे तो बहुधा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली येतो आणि लोक त्याला मळ समजतात.

तपासणीत तोच निघाला, पण खोल गेला नव्हता. डाग कापून काढला, मांडीची कातडी टाचेला लावली. वॉर्डात रुपराव हळूच म्हणाले, “तू पाह्यलं नसतं, तं मी घासतच राह्यलो असतो वं.” प्रयागबाईनं तोंड फिरवून डोळे पुसले.

आज सात वर्षं झाली, रुपराव ठणठणीत आहेत. “मी मांडीवर चालतो,” असं येईल त्याला सांगतात. प्रयागबाई दर महिन्याला उन्हात त्यांचे तळवे आणि नखं तपासते. आता गावातले लोकही तिच्यापुढे पाय पुढे करून बसतात. तिचा हिशेब सरळ आहे: डाग पाण्यानं निघाला तर चिखल, नवा असेल, वाढत असेल तर नागपूरची गाडी. असा डाग दिसला की मला ती फळीवरून खाली काढत नाही. बाबांनो, तुम्हीही असा डाग घासायला वज्री काढू नका.