भामाचा होमस्टे

भामाने एका दमात हो म्हटलं, तिथेच हरेशला शंका यायला हवी होती. पण खूश झालेल्या माणसाला शंका कुठून सुचणार?

किती वर्षं हा मुलगा आईच्या मागे लागला होता! दर सुट्टीला तो नवा देश घेऊन यायचा. आई, दुबई. आई, सिंगापूर. आई, थायलंड तरी. माझा भागीदार शैलेश, त्याची आईसुद्धा जाऊन आली, हत्तीवर बसली. आणि भामा भाकरी थापता थापता दर वेळी तेच म्हणायची, "तुमी जावा. मना नको." का नको, ते मात्र सांगायची नाही. हरेशने मागे लागून काढायला लावलेला तिचा पासपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली पडून होता. त्यातल्या फोटोत आपण कोंबडीचोरासारख्या दिसतो असं तिचं म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच चूक नव्हतं.

परदेश राहू द्या, ही बाई उलव्यातल्या आपल्या घराबाहेर एक रात्रसुद्धा काढत नसे. माहेर चिरनेरला, तेही काही लांब नाही. पण तिथे भाच्याची हळद असली तरी जेवणं उरकली की हिची चुळबुळ सुरू. "अवो, रिक्षा बगा." कमळाकर म्हणजे तिचा नवरा, स्वभावाने अगदी गरीब. हातातला विडा तसाच खिशात टाकून तो रिक्षा बघायला निघायचा.

हरेशचा धंदा खडी-रेतीचा. उलव्यात जिकडे बघावं तिकडे इमारती उठत होत्या, त्यामुळे धंदा जोरात आणि धंदेवाला घरात फक्त कपडे बदलण्यापुरता. जेवायचा तोही उभ्याने, ओट्याला टेकून, फोन कानाला. सकाळी गेला कधी ते कळायचंसुद्धा नाही. "येतो" म्हणायची पद्धत त्याने केव्हाच मोडीत काढली होती आणि भामाला ते फार लागायचं. माणूस घरातून निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. एवढं म्हणायला तोंडाचं काय जातं? पण सांगणार कोणाला? फोनला?

तर अशा ह्या हरेशने नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी भाकरीचा तुकडा तोंडात घालता घालता सांगितलं, "आई, ह्या नाताळात हॉटेल नाय, धावपळ नाय. मस्त होमस्टे करू. घरचं जेवण, शांतता, फोन बंद. आपण सगळे आठ दिवस एकाच घरात."

भामाचा हात तव्यावरच थांबला. "सगली? तू पन?"

"मी पण."

"आनभाक घे."

"घेतली, बाई!"

"मंग मी तयार हाय," भामा म्हणाली. हरेशला इतका आनंद झाला की देशाचं नाव सांगायचंच राहून गेलं. तेवढ्यात फोन वाजला आणि स्वारी बाहेर.

भामा काही अडाणी नव्हती. तिने नातीला, पूर्वीला, हळूच विचारलं. पूर्वी नववीत, इंग्रजी शाळेत. "होम मंजे काय गं?" "घर." "आन स्टे?" "राहणं. का गं आजी?" "काय नाय," म्हणून भामा देवापुढे जाऊन उभी राहिली आणि तिने एकवीरा आईला हात जोडले. पोराला अक्कल आली होती. घरी राहणं! ह्यालासुद्धा इंग्रजीत नाव असतं आणि लोक ते सुट्टी म्हणून करतात, हे तिला कोणी आधी सांगितलं असतं तर तिने केव्हाच हो म्हटलं असतं.

मग तिची जी लगबग सुरू झाली, ती विचारू नका. सुके बोंबील ऊन दाखवून डब्यात भरले. गाद्या गच्चीवर टाकल्या. मासळीवाल्या शांतीला सांगून ठेवलं, नाताळात भरलेल्या चिंबोऱ्या, चांगले मोठे खेकडे, फक्त माझ्याकडे. शेजारच्या गुणाबाईने कुंपणावरून विचारलं, "कुटं जाताव मंग औंदा?"

"आमी होमस्टे करताव," भामा ठसक्यात म्हणाली.

"अगो बाय! कंच्या देशान?"

"आमच्याच."

गुणाबाईला काही कळलं नाही, पण आपल्याला कळलं नाही हे दाखवायची तिची रीत नव्हती. ती "बरा, बरा" म्हणाली.

घरात एकच माणूस होता ज्याला हा सगळा घोटाळा समजला होता. कमळाकर. हरेशने बापाला तिकिटं दाखवली होती. देश बाली, विमान नाताळच्या आदल्या दिवशी. आता सांगतो, मग सांगतो असं कमळाकरने रोज ठरवलं. पण भामा गाद्या झोडपताना गुणगुणत होती. गाव सुटून ह्या नव्या घरात आल्यापासून तिला गुणगुणताना त्याने कधीच ऐकलं नव्हतं. तो सांगणार कसा? त्याने जीभ दाताखाली धरली आणि गुपचूप दिवस ढकलले.

सुट्टीला आठवडा उरला तेव्हा हरेश पनवेलच्या बाजारातून मोठी पिशवी घेऊन आला. बायको मनिषा पनवेललाच बँकेत असते, ती त्याच्याबरोबर. पिशवीतून घोड्याच्या नालासारख्या पाच उशा निघाल्या.

"ह्या रं कशाला? घरान उशा काय कमी हायत?" भामाने विचारलं.

"गळ्यात घालायच्या, आई. विमानात मान अवघडते."

"कंच्या विमानान?"

कमळाकर उठून उगाच पंखा बंद करायला गेला. तो बंदच होता.

हरेशने मोबाईल काढून फोटो दाखवले. बाली, कौलारू घर, पुढे अंगण. "बघ, खिडकी उघडली की भाताची शेतं. पाहिजे तर लावणी पण करायला देतात."

"लावनी? कोनाला?"

"पाहुण्यांना."

"आन पैसं कोन कोनाला देतं?"

"आपण त्यांना."

भामा त्याच्याकडे बघतच राहिली. उभा जन्म जिने लोकांच्या आणि आपल्या शेतात कंबर मोडून लावणी केली, पुढे मिठागरात पाय सोलून घेतले, ती आता विमानात बसून, पदरचे पैसे देऊन पुन्हा चिखलात वाकणार होती! तिला आधी हसू फुटलं. हसता हसता तिने सगळं सांगून टाकलं. होम म्हणजे घर, स्टे म्हणजे राहणं, बोंबील, चिंबोऱ्या, गाद्या. पूर्वी पोट धरून हसली. मनिषासुद्धा हसली.

हरेश हसला नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं. "मी सगळ्यांना सांगून बसलोय," तो म्हणाला. "आणि लोकांचं मरू दे. लहानपणी तू कामाला जायचीस तेव्हा मी बांधावर बसून ठरवायचो, मोठा झालो की आईला लांब घेऊन जायचं, जिथे तिला काही करावं लागणार नाही. एवढं एक मला करू दे ना, आई."

आता ह्याच्यापुढे कुठली आई टिकेल? भामाने पदराने डोळे पुसले. तिच्या आठ दिवसांवर पाणी पडलं होतं, पण पोराचा असा चेहरा तिला बघवेना. "बरा, चल," ती म्हणाली. "येते मी."

आणि म्हणाली मात्र, तिने जमिनीवर फतकल मारली आणि तोंडात पदर कोंबून ती रडायला लागली. हरेश घाबरला. "अगं, काय झालं? नको तर नको!"

"तो 'येते' सबूद," भामा हुंदके देत म्हणाली. "तो सबूद मी येकदा खोटा बोललेय."

मग जे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. विमानतळासाठी गाव उठला तेव्हा सामान टेम्पोत चढलं, माणसं चढली, सगळ्यात शेवटी भामा निघाली. हरेश तेव्हा पुढे ड्रायव्हरशेजारी होता. निघताना बाई करते तेच तिने केलं. उंबऱ्याला हात लावला, हात कपाळाला लावला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "येते." घराला म्हणाली ती. ज्या घरात ती नवरी म्हणून आली, त्याला. आठवड्याने तिथे बुलडोझर फिरला. पुढे भाड्याच्या खोल्यांतून फिरताना तिला एकच वाटत राहिलं, घर वाट बघत असेल आणि आपण येते म्हणून फसवून आलो.

"आता हा घर दिलाय देवानं. रोज सकाली उंबऱ्याला हात लावते, रात्री पाठ टेकते, देवाचं उपकार मानते. ह्याला येते बोलायची माजी छाती नाय, बाबा. तू मना लांब न्हेऊ नको. तू जवल ये. तू घरान नसतोस रं."

"रोज तर असतो, आई."

"कवा?"

हरेश उठून गच्चीवर गेला. बराच वेळ वर होता; फोन वाजत होता, तो उचलत नव्हता, एवढं खाली ऐकू येत होतं. उतरला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "होमस्टे होणार," तो म्हणाला. "फक्त देश बदलला."

पूर्वी रुसली, तिला विमानात बसायचं होतं. शैलेशच्या ओळखीने तारखा मे महिन्यावर गेल्या आणि तिघांनी तेव्हा जायचं ठरलं, तसा तिचा रुसवा गेला. खरी अडचण मनिषाची निघाली, आणि ती तिने स्पष्ट बोलून दाखवली, हे चांगलंच झालं. "आई, घरी आठ दिवस म्हणजे सुट्टी सगळ्यांची आणि ओटा माझा."

भामाला ते पटलं. तिने पूर्वीला बालीच्या घराची माहिती वाचायला लावली. पूर्वीने मराठी करून सांगितलं, "घरची मालकीण स्वतः रांधून वाढते. पाहुण्यांनी नुसता आराम करायचा."

"मंग झाला तर! मालकीन मी," भामा म्हणाली. "मनिषा पावनी. पावनी चुलीकडं फिरकली तर मी रागवेन. आन मच्ची साफ करतील ह्ये." कमळाकरने मान डोलावली. इतके दिवस गप्प बसल्याचा दंड इतक्या स्वस्तात फिटेल असं त्याला वाटलं नव्हतं.

नाताळच्या आदल्या दिवशी फोन मालकिणीच्या तांदळाच्या डब्यात जमा झाले. हरेशने शैलेशला धंदा सांभाळायला सांगितलं होतं, तरी पहिल्या दिवशी तो पिंजऱ्यात अडकल्यासारखा डब्याभोवती येरझारा घालत होता. दुपारी जो झोपला तो दिवेलागणीलाच उठला. दुसऱ्या दिवशी पाटावर मांडी घालून बसला, चिंबोरीचा नांगा फोडून चोखत राहिला, आणि "आई, अजून रस्सा आहे?" असं त्याने विचारलं. भामा वाढायला वाकली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. मनिषा झोपाळ्यावर पाय पसरून दुपारभर वाचत बसायची. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना, ती कोथिंबीर निवडायला आली, तर भामाने तिला हाताला धरून बाहेर काढलं. लग्न झाल्यापासून सासरी आपल्याला कोणी गरम भाकरी वाढली नव्हती, असं ती झोपाळ्यावरून सहज म्हणाली. त्या दिवशीची भाकरी भामाने जास्त निगुतीने थापली.

एका संध्याकाळी मागच्या मोकळ्या प्लॉटवर पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला. धूर डोळ्यांत जात होता आणि पूर्वीला कधी एकदा मडकं उघडतं असं झालं होतं. वरून नव्या विमानतळावरचं एक विमान दिवे लुकलुकवत गेलं.

"आपल्या जुन्या घराच्या वट्यावरून उठला बग," कमळाकर म्हणाला.

पूर्वीने विचारलं, "आजी, आपलं जुनं घर कुठे होतं नक्की?" आणि भामाने सांगितलं. दार कुठे, तुळस कुठे, हरेश पडला ती पायरी कुठे. न रडता सांगितलं. हरेश शेंग सोलायची सोडून ऐकत होता. भामाने आकाशाकडे बघून हात जोडले. देवा, एक घर नेलंस, पण माणसं सगळी ठेवलीस. ती आज इथे धुरात बसून माझ्यासमोर शेंगा खातायत, मला अजून काय पाहिजे?

आठ दिवस भुर्रकन गेले. सोमवारी सकाळी तांदळाच्या डब्यातून फोन निघाले आणि निघाल्या निघाल्या वाजायला लागले. हरेश बूट घालता घालता कोणावर तरी ओरडत होता, खडीची गाडी कुठे अडकली म्हणून. भामा पीठ मळत होती. दार आपटलं, खाली गाडी सुरू झाली. चला, संपला होमस्टे, ती मनाशी म्हणाली. मिळालं तेवढं पुष्कळ मिळालं.

गाडीचा आवाज बंद झाला. जिन्यावर पावलं वाजली. हरेश दारात येऊन उभा राहिला, फोन खिशात वाजतच होता. त्याने वाकून उंबऱ्याला हात लावला, हात कपाळाला लावला.

"आई, येतो गं."

भामाचे हात पिठाचे होते. तिने ते तसेच जोडले. "ये," ती म्हणाली.

आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तो आला, पाट मांडून बसला आणि म्हणाला, "वाढ."