तोंडपाठ कबुली

रोझलिन वकीलबाईंनी खुर्ची ओढून आर्नेच्या अगदी समोर घेतली आणि सरकारी वकिलाचा आवाज काढला.

"मिस्टर टोलेफसन, मागच्या हिवाळ्यात तुम्ही शपथेवर सांगितलंत, मी वॉल्टला ढकललं. मग तेव्हा खोटं बोललात, की आज बोलताय?"

"तेव्हा."

"जरा मोठ्यानं. घशातल्या घशात नको."

शेजारीच वॉल्ट कर्स्टिंग बसला होता. डोकं फुटलं होतं ते त्याचंच. गोठलेल्या तळ्यावर, मासे धरायच्या त्याच्या खोपटाबाहेर तो पडलेला सापडला, आणि त्याला उचलणाऱ्या आर्नेचे हातमोजे रक्तानं माखले. आदल्या दिवशी दोघांची एका बोटीवरून चारचौघांत खडाजंगी झालेली. शुद्धीवर आल्यावर वॉल्टला काही आठवेना. पोलिसांना तेवढं पुष्कळ झालं.

आर्नेचा जीव मात्र नातीत अडकला होता. लेक गेल्यापासून एल्सी त्याच्याकडेच होती; त्याला अटक झाली आणि पोरीला परक्या घरी ठेवलं. पहिला वकील मोठा व्यवहारी. म्हणाला, गुन्हा कबूल करा, संध्याकाळी घरी. नुसतं 'हो' चालत नाही, जज्जला सगळं तुमच्या तोंडून ऐकायचं असतं. थोडे बारकावे घाला, खरं वाटतं. आर्नेनं कोठडीत बसून पाढ्यांसारखं घोकलं: दोन्ही हातांनी ढकललं, बर्फ फोडायच्या पहारीवर डोकं आपटलं, हुंकारासारखा आवाज आला. जज्जनं मान डोलावली. आर्ने घरी आला, एल्सी नाही आली. मारहाणीचा गुन्हा नावावर असलेल्या माणसाकडे मूल ठेवत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

उन्हाळ्यात वॉल्टला हळूहळू आठवलं. माशाच्या आतड्यावरून त्याचा स्वतःचाच पाय सटकला होता. तो आपणहून वकीलबाईंकडे आला. अपील कोर्टानं साक्ष घ्यायला सांगून प्रकरण खालच्या कोर्टात परत पाठवलं, आणि आता ही रंगीत तालीम चालली होती.

"सांगा," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी काय झालं?"

"मी गेलो तेव्हा वॉल्ट पडला होता." आर्नेनं हात मांडीवरून उचलले आणि हवेत तसेच धरले. "त्याआधी त्यानं वळून पाहिलं. हसला."

बाईंनी कबुलीचा कागद पुढे ओढून वाचला.

"हे तुमच्या कबुलीत नाही," बाई म्हणाल्या.

"नाही. हे आता दिसायला लागलंय."

"अरे लेका, घसरलो मी!" वॉल्ट खेकसला. "एवढं सरळ आहे."

"तुझ्या कोटाची बटणं तळव्याला टोचली होती, वॉल्ट."

वॉल्टनं खाली पाहिलं. "त्या कोटाला चेन आहे, गाढवा. बटण एक नाही." तो हसला, पण एकटाच.

"कोर्टात यातला एक शब्दही नको," बाई म्हणाल्या.

"म्हणजे खोटं बोलू?"

"खरंच तर बोलायचंय, आर्ने." बाईंनी ते खिडकीकडे बघत सांगितलं.

सुनावणीच्या दिवशी आर्नेनं हात वर केला आणि म्हणाला, "मी त्याला हातही लावला नाही." त्याचे कान तापले. मागच्या वेळी धडधडीत खोटं सांगताना त्याला काही वाटलं नव्हतं. आज आपण खोट्या शपथेवर पोर पळवतोय असं वाटून त्याला लाज वाटली. तरीही तो बोलला. एल्सीसाठी तो काहीही बोलला असता. मग वॉल्टची साक्ष झाली. जज्जनं कबुली रद्द केली, आणि सरकारी वकिलानं खटला पुन्हा चालवायचा नाही म्हणून सांगितलं.

एल्सीला आणायला वॉल्टही आला, डोनटची पिशवी घेऊन. बालकल्याण कचेरीच्या आवारात पोरगी आजोबांच्या गळ्यात पडली, मग त्यांच्या ट्रकमध्ये चढून पट्टा लावण्याची खटपट करू लागली. आर्नेचे डोळे भरून आले होते. त्यानं वॉल्टचा हात धरला.

"आता दुखत नाही ना रे?"

"छे. कधीच भरलं."

"तू म्हणालास, 'आर्ने, नको.' तेव्हाच थांबायला हवं होतं मी."

वॉल्टनं तोंड उघडलं. काहीतरी झकास टोमणा मारायचा होता त्याला. पण 'नको' हा शब्द त्याच्या कानात त्याच्याच आवाजात उमटला, आणि तळ्यावरचा तो सटकलेला पाय काही केल्या डोळ्यांसमोर येईना.

"आजोबा, चला ना!" एल्सीनं आतून हाक मारली.

आर्ने हसत वळला. वॉल्टनं नकळत आपल्या गाडीचं दार उघडून स्वतःच्या आणि आर्नेच्या मध्ये घेतलं होतं, आणि त्या दाराआडून तो पोरीकडे पाहत राहिला.