फक्त काज-बटण राहिलंय

मी एक पुठ्ठा बोलतोय. बुटांच्या खोक्याचा नाही, वहीच्या पाठीचाही नाही. मी जाड आहे, खाकी आहे, दीड हात लांब आहे, आणि माझ्या एका कडेला खोल वळण आहे. ते मुंढ्याचं वळण. कोटाला बाही जिथे जोडतात, तिथलं. आज माझा फोटो कुठल्या कुठल्या देशांतले लोक दर सोमवारी उघडून बघतात. पण आधी मला माझं जुनं काम सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

गठ्ठ्यात बांधून मी एका शिंप्याच्या दुकानात आलो. दोन मशीन, एक लांब कापायचं टेबल, एक आरसा, आणि कपडे घालून बघायला कोपऱ्यात पडदा. दुकानाच्या मालकाला सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांनी मला कापलं ते एका बँडवाल्याच्या कोटासाठी. त्या माणसाची पाठ म्हणजे दरवाजाच. मी त्या पाठीचा नमुना.

पण अर्ध्याच पाठीचा. शिंपी पाठीचा नमुना अर्धाच कापतात. कापड दुमडायचं, वर नमुना ठेवायचा, कात्री चालवायची. डावी तशीच उजवी. मला याचा मोठा अभिमान होता. निम्म्या अंगात पूर्ण कोट काढतो म्हणजे काय! खरं तर गळ्यात ढोल अडकवून अडकवून बँडवाल्याचा एक खांदा खाली आला होता. मास्तर त्या बाजूला आतून थोडी गादी भरायचे आणि आरशासमोर उभं करून म्हणायचे, "बघा, कसा सरळ बसलाय!" मी गप्प बसायचो. मला तरी दुसरा खांदा कुठे ठाऊक होता?

पुढे बँडवाले दुसऱ्या गावी गेले आणि मी खिळ्याला लटकलो. माझ्यावर दुसरे नमुने आले, त्यांच्यावर तिसरे. पाच वर्षं मला फक्त समोरच्या पायजम्याच्या नमुन्याची पाठ दिसत होती. त्या अंधारात मी दुकान कानांनी बघायला शिकलो; जे ऐकू आलं नाही, ते पुढे मावशींच्या गप्पांतून कळलं.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य एकच. गिऱ्हाईक दारात आलं, की मास्तर कच्च्या टाक्यांवर जोडलेला शर्ट उंच धरून दाखवायचे आणि म्हणायचे, "झालाच आहे. फक्त काज-बटण राहिलंय." कधी कधी हातात त्या गिऱ्हाइकाचा शर्टसुद्धा नसायचा, दुसऱ्याचाच असायचा. कोपऱ्यात स्टुलावर बसून काज-बटण करणाऱ्या मावशी मग गिऱ्हाईक गेल्यावर सुई कापडात खुपसून म्हणायच्या, "मास्तर, अहो गावाला वाटतं सगळं माझ्यापाशीच अडलंय. उद्या बाजारात लोक मला अडवतील!"

"अडवू देत. ओळख वाढेल तुमची."

मास्तरांची लेक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसायची. वडिलांचं अक्षर वडिलांनाच लागत नाही म्हणून तिने मापं ठेवायचा एक प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं मापवही. माप भरलं की प्रोग्रॅम नमुना आखून द्यायचा. तो तिने सगळ्या जगासाठी खुला करून टाकला. कोणीही वापरावा, उघडून बघावा, चुकलं असेल तर दुरुस्त करावा. हळूहळू लांबलांबचे शिंपी तो वापरायला लागले. कोणी आपल्या भाषेत करून दिला, कोणी कॉलरचे नवे प्रकार घातले. रोज सकाळी लेक मशीनच्या आवाजावर आवाज काढून वाचून दाखवायची, "बाबा, आज एक टोपीवाला आलाय! टोप्यांची मापं हवीत म्हणतो!" मास्तरांचा पाय मशीनवर थांबायचा. "टोपीवाला? आपल्याकडे?" आणि दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे.

मग लोक विचारू लागले, पुढे काय येणार? कधी येणार? लेकीने ठरवलं, पुढच्या कामांचा रोडमॅप करायचा आणि सगळ्यांना दिसेल असा लावायचा. पहिला रोडमॅप मी नव्हे. पहिला तिने लॅपटॉपवरच केला. चौदा कामं आणि चौदा तारखा. तारखा उलटल्या तशा तिने पुढच्या लिहिल्या. त्याही उलटल्यावर तारखा खोडून चौदाही कामांपुढे लिहिलं, "जवळजवळ तयार." मुलगी मनाने चांगली. कोणालाही नाही म्हणताना तिचा जीव वरखाली व्हायचा. टोपीवाल्याला हो, झब्बेवाल्याला हो, सगळ्यांना हो. मावशींनी एकदा चष्मा पुसून लॅपटॉपवरचं ते वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, म्हणजे चौदा ठिकाणी काज-बटण राहिलंय की!"

लेक हसली. मी खिळ्यावर हललो. मला कळलं होतं, हे वाक्य कुठून आलं ते.

त्या चौदात एक काम होतं, डावं-उजवं वेगळं. मापवही एकाच बाजूचं माप घ्यायची आणि दुसरी बाजू तशीच धरायची. का धरायची? कारण लेक हे सगळं शिकली ती वडिलांच्या खिळ्यावरच्या नमुन्यांवरून. माझ्यासारख्या अर्ध्यांवरून. हे काम मागितलं होतं एका दूरच्या शिंपीणबाईंनी. त्या पाठीच्या दवाखान्यातल्या मुलांचे कपडे शिवायच्या. कोणाचा एक खांदा वर, कोणाची कंबर तिरकी. मापवही पहिल्या दिवसापासून वापरणाऱ्यांपैकी त्या एक. चाळीस शिंप्यांना त्यांनीच आणलं होतं.

एका दुपारी लॅपटॉपच्या पडद्यावर त्यांचा चेहरा आला. लेक म्हणाली, "नमस्कार काकू!" काकूंनी नुसती मान हलवली आणि एक छोटा शर्ट उंच धरला. एक बाही बोटांपर्यंत, दुसरी मनगटाच्या वर.

"ताई, जवळजवळ तयार आहे म्हणालात म्हणून मी थांबले. दोन महिने थांबले. मुलांचा कार्यक्रम आला, म्हणून म्हटलं आत्तापर्यंत झालं असेल, आणि मापवहीतूनच नमुने काढले. असे सात शर्ट कापले गेले."

लेक स्टूल ओढून पडद्याच्या जवळ सरकली.

"तुम्ही सरळ नाही म्हणाला असतात ना, तर मी हातानं आखलं असतं. मला येतं हो हातानं. नाही ऐकलं की माणूस आपली सोय बघतो." त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं. "महिनाअखेरपर्यंत बघते. नाहीतर आम्ही सगळे आपले परत वहीवर."

पडदा काळा झाला. लेकीने लॅपटॉप मिटला. "बाबा, मी मापवही बंद करते. मला नाही जमत हे. लोकांना फसवतेय मी."

मास्तरांनी हातातलं कापड खाली ठेवलं. खडू उचलला. मग म्हणाले, "तू कशाला फसवतेस. हे वाक्य तू माझ्याकडून उचललंस."

मावशी पटकन म्हणाल्या, "देवाशपथ, पहिल्यांदा कबूल केलं!"

मग मास्तर उठले, खिळ्यावरचा सगळा गठ्ठा काढला आणि तळातून मला ओढलं. पाच वर्षांनी उजेड दिसला. त्यांनी माझ्यावरची धूळ झटकली आणि निळ्या खडूने तीन उभ्या रेघा ओढल्या. "गिऱ्हाइकाला मी काय सांगतो ते सोड. माझ्या डोक्यात काम कसं असतं ते सांगतो. मशीनवर एकच कपडा असतो. दोन कपडे एका सुईखाली जात नाहीत. काही कापून ठेवलेले असतात. बाकीचं नुसतं कापड आलेलं असतं. बस."

"रेघा तीन आहेत, घरं चार झाली," लेक डोळे पुसत म्हणाली.

"चौथं माझं," मावशी म्हणाल्या. "त्यात लिही, हे शिवणार नाही."

लेकीने चिंध्यांच्या तुकड्यांवर एकेक काम लिहिलं आणि टाचणीने माझ्या अंगावर टोचलं. मशीनवर एकच चिंधी, डावं-उजवं. शेवटचं घर भरताना तिचा हात थांबायचा. टोपीची चिंधी तिने तीनदा उचलली, तीनदा ठेवली. "त्यांना किती वाईट वाटेल..."

"टोच," मास्तर म्हणाले.

टोचली. तारीख कुठेच लिहिली नाही. तिने माझा फोटो काढला आणि जगापुढे लावला. खाली लिहिलं, "आतापर्यंत मी जे जवळजवळ तयार म्हणाले, ते खोटं होतं. माफ करा. खरी परिस्थिती ही आहे." मग लॅपटॉपकडे पाठ करून ती विनाकारण दुकान झाडू लागली. एकच कोपरा चार वेळा झाडला.

पहिलं उत्तर टोपीवाल्याचं आलं. लेकीने एक डोळा मिटून वाचलं. "नाही म्हणालात ते बरं झालं. मी तुमच्या भरवशावर बसलो होतो. आता मीच करतो, फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगा." मास्तरांनी टाळी वाजवली तशी दारातलं गिऱ्हाईक दचकलं. मग एकाने कापड आलेल्या घरातली चिंधी मागून घेतली, दुसऱ्याने कापून ठेवलेल्यातली. चौदाच्या चौदा चिंध्या एकट्या लेकीच्या नव्हत्याच कधी. पण सगळं होत आलंय म्हटल्यावर मदत कोण करणार?

मशीनवरची चिंधी मात्र तिचीच. ती रोज मला बघायची आणि कामाला लागायची. काकू रोज एक माप पाठवायच्या, लेक रोज एक चूक काढायची. महिनाअखेर यायला चार दिवस होते, तेव्हा काकू पुन्हा पडद्यावर आल्या. त्यांच्यापुढे एक सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती, नव्या पिवळ्या शर्टात. "फीर गं जरा," काकू म्हणाल्या. मुलगी फिरली. थांबेना, फिरतच राहिली. दोन्ही बाह्या मनगटावर आणि कॉलर मानेवर सरळ बसली होती. गादी नव्हती, काही लपवलेलं नव्हतं.

"वही माळ्यावर टाकली मी," काकू म्हणाल्या.

लेक चिंधी काढायला निघाली, तर मावशींनी ती हातातून हिसकावली. "थांब. अजून झालं नाही." आणि त्या चिंधीवर त्यांनी लाल धाग्याने एक खरंखुरं काज केलं. "आता झालं. यापुढे मी काज घातल्याशिवाय झालं म्हणायचं नाही कोणी."

तेव्हापासून तसंच आहे. दर सोमवारी लेक माझा नवा फोटो काढून लावते. माझ्याखाली दोरीवर काज केलेल्या चिंध्या लटकतात, एकवीस झाल्या. टोपीची चिंधीसुद्धा आहे त्यात.

परवा दार उघडलं आणि पूर्ण दार भरून एक माणूस आत आला. माझे बँडवाले! अंगाने आणखी रुंद झालेले. "मास्तर, कोट हवाय. माझा नमुना आहे ना तुमच्याकडे?" आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. "हा काय, हाच की!"

माझ्या सगळ्या टाचण्या गार पडल्या. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "तो आता दुसऱ्या कामावर आहे. शिवाय तो अर्धाच आहे. या, दोन्ही खांद्यांची मापं घेतो."

"दोन्ही? आधी तर एकच घ्यायचात."

"आधी चुकत होतो."

मापं झाली. बँडवाल्यांनी विचारलं, "मग, परवा येऊ?" सवयीने मास्तरांचं तोंड उघडलं. मावशींची सुई हवेत थांबली. लेकीने वर बघितलं. मास्तरांनी मापाची फीत गुंडाळली.

"कापड आलंय," ते म्हणाले. "तुमच्या पुढे सहा आहेत. कापला की निरोप देतो."

बँडवाले सबंध दुकान हलेल असे हसले. "मास्तर, तब्येत बरी आहे ना?"

आज माझ्या अंगावर इतकी भोकं आहेत की उजेडात धरलं तर चाळणी दिसेन. कडा मऊ पडल्या आहेत. मुंढ्याचं वळण तेवढं शाबूत आहे. एक दिवस टाचणी धरणार नाही, मग लेक नवा पुठ्ठा आणेल. माझं काही म्हणणं नाही. एवढंच मागतो, की नवा आणाल तेव्हा त्यावरही चौथं घर आखा, आणि ते रिकामं ठेवू नका. आणि मला फेकण्याआधी माझ्यावरही मावशींच्या हातचं एक लाल काज असू द्या.