शिकणारा डबा

दोन हजार नऊ साली मी माझ्या जुन्या पेट्रोल अँबेसिडरचा कार्बोरेटर काढला आणि मेव्हणा सुरेंद्रने अमेरिकेहून आणलेला इंजेक्शनचा किट, म्हणजे इंजिनात पेट्रोल मोजून फवारणारा कॉम्प्युटरचा डबा, बसवला. तो म्हणाला होता, "भाऊजी, गाडी चालवत राहा. किती पेट्रोल द्यायचं ते हा डबा आपोआप शिकते."

शिकायला गाडी आधी सुरू तर व्हायला पाहिजे! चंद्रपूरजवळच्या मूल गावात तीस वर्षं माझं गॅरेज आहे. चावी फिरवताना ॲक्सिलेटर खालपर्यंत दाबून धरायचा, हे काय मला कोणी शिकवावं? तसाच दाबला. दुपारपर्यंत पन्नास वेळा दाबला. इंजिन नुसतं घरघर करत होतं. वायरी तपासल्या, पंप तपासला, मेव्हण्याला आणि त्याच्या अमेरिकेला शिव्या घातल्या.

शेवटी स्पार्क बघायला मी बॉनेटखाली वाकलो आणि बायकोला, म्हणजे इंदिराबाईला, स्टिअरिंगवर बसवलं. तिला गाडी येत नाही. "कशालेच धक्का लावू नको, पाय वर घे, फक्त चावी फिरव," मी ओरडलो.

तिने सीटवर मांडी घातली आणि चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

सुरेंद्र फोनवर हसत सुटला. "भाऊजी, सुरू करताना ॲक्सिलेटर पूर्ण दाबला की डब्याले वाटते, इंजिनात पेट्रोल जास्त झालं. मंग तो पेट्रोलच बंद करते!"

जंगलातल्या रस्त्याने चंद्रपूरच्या चार फेऱ्या झाल्या आणि डबा सगळं शिकला. मी मात्र अजूनही चावी फिरवताना उजवा पाय दाराबाहेर काढून ठेवतो.