शेवटचं पत्र १९४४

"ताई, पाटी जरा खाली घ्या. माझ्या पोराचा फोटो कुणाला दिसतच नाहीये," मागची म्हातारी म्हणाली.

इर्मगार्टने पाटी छातीशी घेतली, पण बस दिसताच हात पुन्हा वर गेले. पाटीवर नवऱ्याचा फोटो, खाली ठळक अक्षरं : अर्न्स्ट टेश्के, ब्रेस्लाउ. शेवटचं पत्र १९४४.

पंचावन्न सालचा ऑक्टोबर. जर्मनीचे चॅन्सेलर मॉस्कोला जाऊन आल्यापासून रशियातले उरलेसुरले जर्मन युद्धकैदी फ्रीडलांडच्या छावणीत येत होते. गटिंगेनच्या इस्पितळातल्या धोबीखान्यातून रजा काढून इर्मगार्ट आज चौथ्यांदा फाटकाशी उभी होती. घरी टेबलावर अर्ज पडला होता. सही केली की अर्न्स्ट कायद्याने मेलेला ठरणार होता आणि कुर्ट बेकरीवाल्याशी लग्न करायला ती मोकळी होणार होती. तीन वर्षं तो थांबला होता, कुरकुर न करता. बस आली की ती उतरणारा प्रत्येक चेहरा न्याहाळायची. अर्न्स्ट उतरावा की उतरू नये, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

कापूस भरलेलं जाकीट घातलेला एक माणूस बसमधून उतरून लाकडी पेटी घेऊन पुढे गेला, थबकला, परत आला.

"हा शिट्टी वाजवायचा," तो फोटोकडे बघत म्हणाला.

"हो. सारखी." ती एक पाऊल पुढे आली. "कुठे आहे तो?"

"आम्ही एकाच बराकीत होतो. सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये गेला. ताप आला होता. चार दिवसच."

आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं ती त्याचा कोट उन्हाला घालत होती.

"माझ्याबद्दल काही बोलायचा?"

त्याने टोपी काढली. "बरं वाटेल असं सांगू, की खरं सांगू?"

"खरं."

"पावाबद्दल बोलायचा. आम्ही सगळेच तेवढंच बोलायचो, बाई."

तिने मान हलवली. ओठ चावून धरले. मग विचारलं, "तुम्हाला न्यायला कोण आलंय?"

त्याने गर्दीवरून एकदा नजर फिरवली. "असेल कुणीतरी."

कुणी नव्हतं. इर्मगार्टने पाटी भिंतीला टेकवली. पिशवीतून कागदात गुंडाळलेला पाव काढला. अर्न्स्टला आवडायचा तसा, बदकाची चरबी लावलेला. तो त्याच्या हातात दिला आणि पेटी स्वतःकडे घेतली.

तो उभ्यानेच खाऊ लागला, हळूहळू, हनुवटीखाली तळहात धरून. शेवटी तळहातावरचे कणही त्याने टिपून खाल्ले. तोवर ती पेटी धरून शेजारी उभी राहिली.